सोमीची परीक्षा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा नाही — तिथे तर डोळे मिटून भलतंच काहीतरी मागत बसते. मग तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर सांगताना त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि तेवढी धमक माझ्यात नाही.

आधी एक सांगून टाकते. आमच्याकडे लोक मला हुशार समजतात. वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला एक रिसॉर्ट आहे, तिथे मी रिसेप्शनवर बसते. पाठीमागे घड्याळ, समोर संगणक, अंगावर इस्त्रीची साडी. सासर धसईजवळचं, भातशेतीचं घर. लग्नानंतर मी हट्टाने शहापूरला क्लास लावला होता — पर्यटन व्यवसायासाठी इंग्रजी. धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, असा एसटीचा सगळा खटाटोप. सासूबाई म्हणायच्या, "भात लावाया इंग्लिस लागतं का गो?" मी हसून बाहेर पडायची. मला लावणी करायची नव्हतीच.

तो क्लास म्हणजे काय होता सांगू? जाड जाड शब्दांचं पोतं. ऑक्युपन्सी, कॅन्सलेशन पॉलिसी, हॉस्पिटॅलिटी सेक्टर, सस्टेनेबल टुरिझम. 'वी रिग्रेट द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड' हे वाक्य तर मी आरतीसारखं म्हणायची, न अडखळता, एका दमात. सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मी पहिली आले. पुढे नोकरी लागल्यावर कळलं की पाहुणे असलं काही बोलतच नाहीत. ते विचारतात — गरम पाणी कधी येतं, माकडं खोलीत शिरतात का, मुलासाठी दूध मिळेल का. आणि ते भराभर बोलायला लागले की मला निम्मं कळायचं नाही. मी गोड हसून 'शुअर सर' म्हणायची आणि मागून त्यांच्याच ड्रायव्हरला विचारायची, काय म्हणाले रे ते? वासरांत लंगडी गाय शहाणी. पण शहाणी तर होते ना? सगळ्या रिसॉर्टमध्ये इंग्रजी येणारी मी एकटी होते, आणि ते एकटेपण मला फार फार आवडायचं.

आता सोमीबद्दल.

सोमी गावाबाहेरच्या वाडीवरची. त्या लोकांना जमीन नाही. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतावर लावणी, दिवाळी झाली की नवराबायको पोरांसकट वीटभट्टीवर, ते परत पाऊस तोंडावर आला की घरी. आमच्या रिसॉर्टला पावसात गर्दी असते, तेवढ्यापुरत्या वाडीवरच्या चार बायका खोल्या साफ करायला ठेवतात. सोमी त्यातली. वयाने माझ्याएवढीच असेल. मिश्री लावायची, मोठ्याने हसायची, उशिरा यायची आणि उशीर का झाला याची लांबलचक गोष्ट सांगायची. त्या गोष्टीत दर वेळी एक कोंबडी असायची. मला ती आवडायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तुम्हाला वाटेल की मी तिचा राग करत होते. नाही हो. राग असता तर बरं झालं असतं.

दुपारी जुने पाहुणे गेलेले असतात आणि नवे यायचे असतात. तेव्हा मला काम नसायचं, म्हणून मी तिला चादरी घडी घालायला मदत करायची. मोठी चादर एकटीने घडी घालता येत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहायच्या आणि घडी करत करत एकमेकींकडे चालत यायच्या. एकदा ती सहज म्हणाली, "ताय, चादरीला तुमच्या इंग्लिसमधी काय म्हणतात?" मी सांगितलं. मग उशी. मग टॉवेल. मग आमचा खेळच झाला. मी माझ्या टोकाकडून मराठी शब्द टाकायची आणि हात हाताला लागायच्या आत तिने इंग्रजी शब्द द्यायचा. चुकली तर परत मागे जायचं, चादर परत ताणायची, परत शब्द. किती चादरी घडी घातल्या असतील आम्ही! ती क्वचितच मागे जायची. शब्दांवरून आम्ही वाक्यांवर आलो. चावी इथे आहे. जरा थांबा. किती माणसं आहेत? मी मराठीत म्हणायची, ती इंग्रजीत. मला शिकवायला आवडत होतं. ती माझ्यामागे आहे, माझ्याकडे बघते आहे — तोवर आवडत होतं.

एक दिवस तिने विचारलं, "जेवलात का, हे कसं इचारायचं?" आमच्या क्लासमध्ये हे शिकवलं नव्हतं. प्रवास कसा झाला एवढंच विचारायचं, खाजगी काही विचारायचं नाही, असं सर सांगायचे. तरी मी सांगितलं — हॅव यू ईटन? तिने दोनदा म्हटलं आणि खूश झाली. "आता बरं," म्हणाली. "माणूस दारात आल्यावं पयलं हेच इचारतात ना? नाय तर काय, नाव-गाव?"

त्याच दिवसांत चादर ताणता ताणता तिने मला एक गोष्ट सांगितली. तिची पोरगी रेश्मा तेव्हा लहान होती, नुकतीच शाळेत जायला लागलेली. भट्टीवर गेलं की पोरीची शाळा सुटायची, परत आल्यावर ती मागे पडलेली असायची, आणि बाई तिला परत पहिलीत बसवायच्या. सोमी म्हणाली, "बारमाही काम लागलं ना ताय, तर पोरीला हलवणार नाय. नवरा जाईल भट्टीला. आमी दोघी इथंच." हे मला माहीत होतं, बरं का. हे मला आधीपासून माहीत होतं.

मग ते म्हातारं जोडपं आलं.

मी त्या दिवशी जावेच्या डोहाळजेवणाला गेले होते. मॅनेजर साहेब कल्याणला होते. चेन्नईकडचे दोघं, वाटेत गाडी बिघडलेली, मराठी नाही, हिंदी नाही. रिसेप्शनवर कुणी नाही. सोमी व्हरांडा पुसत होती. तिने फडकं टाकलं, पदराला हात पुसले आणि पुढे होऊन विचारलं — हॅव यू ईटन? ते नाही म्हणाले. झालं! स्वयंपाकघर बंद होऊन गेलेलं, आचारी पांडूमामा घोरत पडलेला. शहरातल्या माणसाने 'सॉरी' म्हटलं असतं. पण आमच्याकडे जेवलात का विचारून उपाशी बसवत नाहीत. विचारलं की वाढावं लागतं. तिने पांडूमामाला गदागदा हलवून उठवलं, आमच्या लोकांसाठी केलेली चवळीची उसळ गरम करून घेतली आणि स्वतः तांदळाच्या भाकरी थापल्या. चावी दिली, खोली दाखवली, गरम पाण्याची वेळ सांगितली. सगळं इंग्रजीत. मोडकं असेल, पण त्यांना कळलं, आणि त्यांचं तिला कळलं.

घरी जाऊन त्या दोघांनी इंटरनेटवर भलंमोठं कौतुक लिहिलं. सोमीचं नाव घालून. मुंबईहून मालकांचा साहेबांना फोन आला — ही सोमी कोण?

मी ते कौतुक वाचलं. परत परत वाचलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? मी तिथे नव्हतेच. पण तुम्हाला म्हणून सांगते, तरीही मी ते शोधत होते. इतकी वर्षं मी त्या खुर्चीत बसून गोड हसते आहे, माझ्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. आणि हिने काय केलं? भाकरी वाढली.

दोन-तीन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. नवीन कॉटेज सुरू होणार होती, रिसेप्शनला आणखी एक माणूस लागणार होतं. बारमाही, पगारी, माझ्यासारखंच. ते म्हणाले, "त्या सोमीला घेऊ का? तू शिकवतेस ना तिला? जमेल का?"

आता इथे — इथे मी थांबते आहे, कारण इथपर्यंत मी वाईट नव्हते. एक शब्द पुरला असता. 'जमेल'. माझी नोकरी जाणार नव्हती, पगार कमी होणार नव्हता, माझी खुर्ची कुणी मागत नव्हतं. तिच्या शेजारी दुसरी एक खुर्ची येणार होती, एवढंच. पण वाडीवरची बाई माझ्या शेजारी त्याच उंचीच्या खुर्चीत बसणार? मला ताय म्हणणारी, माझ्या चहाचा कप उचलणारी? गावातल्या बायका येता-जाता आम्हा दोघींना एकत्र बघणार? हे सगळं माझ्या डोक्यात आलं. अगदी ह्याच शब्दांत आलं. ते मी गोड करून सांगणार नाही.

मी म्हणाले, "नाही जमायचं, सर. मी खूप प्रयत्न केला. तिच्या डोक्यात शब्द टिकत नाहीत."

साहेबांना नवल वाटलं. मग म्हणाले, "असं? मालकांनी विचारलंय, एकदा बघून तर घेऊ. उद्या माझ्यासमोर तूच विचार तिला चार गोष्टी."

खोटं बोलणं सोपं असतं हो. ते खरं करून दाखवायला मेहनत लागते.

त्या संध्याकाळी मी सोमीला सांगितलं. ती इतकी घाबरली आणि इतकी हसली, दोन्ही एकदम! "ताय, तुमीच इचारणार ना? मंग काय भ्या नाय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. वेळेवर — सोमी! केसांना तेल लावून चापून बसवलेले, ठेवणीतली हिरवी साडी, दात घासून घासून मिश्रीचा डाग काढायचा प्रयत्न केलेला. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. साहेबांनी बस म्हटलं तरी बसली नाही.

मी समोर उभी होते. आणि मी तिला चादर विचारली नाही. उशी विचारली नाही. गरम पाणी, चावी, किती माणसं, जेवलात का — आम्ही जे शेकडो वेळा म्हटलं होतं त्यातलं काहीही विचारलं नाही. मी शहापूरच्या क्लासमधलं पोतं उघडलं. सस्टेनेबल टुरिझम म्हणजे काय समजतेस? कॅन्सलेशन पॉलिसी समजावून सांग. हॉस्पिटॅलिटी सेक्टरमध्ये ऑक्युपन्सी का महत्त्वाची असते? सगळं इंग्रजीत, आरतीच्या चालीत, एका दमात.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, आता ताय मराठी शब्द टाकेल. आमचा खेळ तसाच होता ना — मराठी माझ्याकडून यायचं, इंग्रजी तिच्याकडून जायचं. तिचे दोन्ही हात नकळत थोडे पुढे आले होते, चादरीची टोकं धरल्यासारखे. ती वाट बघत होती. मी मराठी शब्द टाकला नाही. मी पुढचा प्रश्न विचारला. मग त्याच्या पुढचा.

तिच्या कपाळावर घाम आला, तो तेलात मिसळून कानावर उतरला. ती एकदा 'वेलकम' म्हणाली. बस, एवढंच. साहेबांना बहुतेक दया आली, ते पुढे वाकून काहीतरी सोपं विचारायला लागले — आणि मी काय केलं माहीत आहे? मी हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या सर, उगाच तिला लाजल्यासारखं होईल." किती समजूतदार दिसले असेन मी! साहेब मागे टेकले. "ठीक आहे, जा तू," तिला म्हणाले. आणि ती गेल्यावर मला, "तुझं बरोबर होतं."

हाच तो गुन्हा. ओरडले नाही, मारलं नाही, कुणाच्या तोंडचा घास हिसकावून घेतला असंही कुणी म्हणणार नाही. मी फक्त परीक्षा घेतली. परीक्षा घेणाऱ्याला कोण बोल लावतं?

दुपारी ती मागच्या बाजूला भेटली. मला वाटलं, आता ही विचारणार. ताय, हे शब्द कुठून आणले? आपण हे कधी म्हटलं होतं? मी उत्तरही तयार ठेवलं होतं — साहेबांनीच हे विचारायला सांगितलं, म्हणून. एक खोटं पचलं होतं, दुसरं आयतं तोंडात आलं होतं. पण तिने विचारलं नाही. ती खाली बघून म्हणाली, "ताय, माज्यामुळं तुमाला सायबापुढं खाली बघाया लागलं. एवढं शिकवलंत, पन माजं डोस्कंच नाय."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "असू दे गो. होतं असं."

तो हात. त्या हाताची मला आजही शिसारी येते.

त्यानंतर आम्ही चादरी घडी घातल्या, पण ती काही विचारेना. मी एकदा उगाच 'उशी' म्हटलं. ती कसनुसं हसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली, रेश्माला घेऊन. त्या खुर्चीत मुरबाडचा एक मुलगा आला. त्याला इंग्रजी माझ्याहूनही कमी यायचं. मला तो आवडला.

वर्षं गेली. सोमी पुढच्या पावसाळ्यांना येत राहिली, खोल्या पुसत राहिली. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? ती माझ्याबद्दल चांगलं बोलते. वाडीवर, बाजारात, कुठेही. तायनी माझ्यासाठी किती मरमर केली, मलाच नाय जमलं — असं. भट्टीवरून परत आली की शेवटची करवंदं द्रोण भरून आणून देते. मी ती घेते. घरी नेते. मुलं खातात. मला घशाखाली उतरत नाहीत असं काहीतरी लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं नाही. मीही खाते. गोड असतात.

एवढंच असतं तर कदाचित मी हेही पोटात ठेवलं असतं. माणूस स्वतःला समजावतो — जुनी गोष्ट, कोण आठवतंय? पण ह्या वर्षी रेश्मा दहावी झाली. शाळा सुटत, परत धरत, दोन वर्षं मागे पडून, पण झाली. आणि मुरबाडला मुलींसाठी एक फुकट कोर्स निघाला. पर्यटनाचं इंग्रजी. राहायची सोय, नंतर नोकरीची खटपटही तेच करणार. रेश्माला त्याची बातमी माझ्याच रिसॉर्टमधल्या एका मुलीकडून लागली.

धसईच्या बाजारात दोघी मायलेकी मला भेटल्या. पोरगी सडसडीत, आईसारखीच मोठ्या आवाजाची, डोळे भारी चौकस. आल्या आल्या म्हणाली, "ताय, तुमी सांगा ना आयला. ती जाऊ देत नाय."

सोमी वांगी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्यातल्यांच्या डोक्यात नाय टिकत ते इंग्लिस. मी नाय शिकले? चार मानसांत हसू झालं. पोरीचं बी तसंच व्हायचं." आणि मग मान वर करून, अगदी विश्वासाने, "माजं खोटं वाटत आसल तर इचार तायना. त्यांनी बघितलंय."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मला तेव्हा सगळं कबूल करायची गरजही नव्हती, कळतंय का तुम्हाला? परीक्षा, साहेब, शहापूरचे शब्द — काही काढायचं नव्हतं. 'पाठव तिला, शिकेल ती' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सोमीने माझं ऐकलं असतं. ती माझं नेहमी ऐकते. पण मी ते म्हटलं असतं तर तिने एक प्रश्न विचारला असता — पोरीला येईल, तर मंग मला का नाय आलं? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. कदाचित तिने विचारलाही नसता. तरी भ्याले.

मी रेश्माला म्हणाले, "आई सांगते ते ऐक."

पोरगी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, मग वांग्यांची पिशवी आईच्या हातातून घेतली. सोमीला मात्र हायसं वाटलं. "बघ, मी सांगत होते ना," म्हणाली. मी मुरबाडची गाडी आली म्हणून निघाले. गाडी खरंच आली होती.

कोर्सचे प्रवेश भरले. दिवाळी झाल्यावर वाडीवरचे टेम्पो भट्ट्यांकडे गेले, त्यात ह्या वेळी रेश्माही होती, आणि आता ती काही आईबापामागचं मूल म्हणून गेली नव्हती, कामाला गेली होती.

सोमीला इंग्रजी येत होतं. त्या टेबलासमोर उभी राहिली तेव्हाही तिला येत होतं. तिला ते माहीत नाही. तिच्या पोरीला माहीत नाही. मला माहीत आहे.